क्रमाची हमी

मॅसॅच्युसेट्स राज्यात वूस्टर शहराला लागून, क्विन्सिगमंड सरोवराच्या पूर्वतीरावर श्रूजबरी हे गाव वसले आहे. आणि १९९८ साली कॉम्पॅकने डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन ही विख्यात कंपनी ताब्यात घेतल्यानंतर ‘अल्फा’ नामक प्रोसेसरची रचना करणाऱ्या अभियंत्यांचा एक गट याच गावातील साउथ स्ट्रीटवर काम करीत असे. अल्फा आपल्या वेगासाठी गाजला हे खरे. परंतु सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांच्या स्मरणात तो राहिला तो एका निराळ्याच गुणामुळे. एका प्रोसेसरने आधी मजकूर लिहिला आणि मग तो कोठे ठेवला आहे त्याचा पत्ता जाहीर केला, तरी शेजारच्या प्रोसेसरला पत्ता नवा आणि मजकूर मात्र जुना दिसण्याचा संभव असे; क्रम पाळला जावा अशी अपेक्षा असेल, तर तसा स्वतंत्र हुकूम दोन्ही बाजूंनी द्यावा लागे. क्रमाची हमी मागून घ्यावी लागते, ती गृहीत धरता येत नाही, हा धडा इतक्या कठोरपणे दुसऱ्या कोणत्याही प्रोसेसरने दिला नसेल.

हा धडा आज विशेष उपयोगी पडतो तो आभासी यंत्रांच्या कारभारात. एकाच खऱ्या संगणकाच्या पोटात सॉफ्टवेअरच्या बळावर अनेक स्वतंत्र संगणक उभे करायचे, ही कल्पना याच राज्यातील केंब्रिज येथे आयबीएमच्या संशोधकांनी १९६७ साली प्रत्यक्षात आणली. ही यंत्रे सुरू करणे, बंद करणे, त्यांना स्मृती, डिस्क आणि नेटवर्क नेमून देणे हे काम व्यवस्थापक सॉफ्टवेअरकडे असते, आणि ही सर्व कामे एकाच वेळी चालू असल्यामुळे, त्यांतले कोणते आधी संपते यावर जेव्हा निकाल अवलंबून राहतो, तेव्हा ‘रेस कंडिशन’ (शर्यतीची स्थिती) नावाचा दोष उद्भवतो. एखाद्या कचेरीत दोन कारकुनांनी एकाच क्षणी आवक-रजिस्टरातील शेवटचा अनुक्रमांक पाहावा, आणि दोघांनीही प्रामाणिकपणे तोच पुढला क्रमांक दोन निरनिराळ्या अर्जांवर घालावा, तसा हा प्रकार आहे.

असा दोष यंत्र सुरू होतानाच अधिक का प्रकटतो? कारण त्या घटकेला काहीच सिद्ध नसते आणि सारे काही सिद्ध होत असते. व्यवस्थापक नव्या यंत्राची प्रक्रिया सुरू करतो, ती प्रक्रिया संभाषणासाठी एक सॉकेट उघडते, आणि व्यवस्थापकाने त्या सॉकेटशी जोडणी करायची असते. ते उघडण्यापूर्वीच तो तेथे पोहोचला, तर जोडणी नाकारली जाते आणि निरोगी यंत्र मृत म्हणून नोंदले जाते. शोध घेण्यासाठी नोंदी छापू लागावे, तर त्या छपाईला लागणाऱ्या वेळानेच क्रम बदलतो आणि दोष अदृश्य होतो. अशा वेळी थकलेला अभियंता ‘पाच सेकंद थांब’ अशी एक ओळ घालतो. ही दुरुस्ती मला मुळीच मान्य नाही. पाच सेकंदांनी दोष नाहीसा होत नाही, दुर्मिळ होतो. आणि दुर्मिळ दोष काय करू शकतो, हे १४ ऑगस्ट २००३ रोजी अमेरिकेच्या ईशान्य भागाने आणि कॅनडाने पाहिले. ओहायोतील वीज-नियंत्रण कक्षाची इशारा-प्रणाली अशाच एका दोषाने मुकी झाली, बिघाड वेळीच कळला नाही, आणि सुमारे पाच कोटी लोक अंधारात गेले.

खरा उपाय असा की, शर्यतच उरू नये. लिबव्हर्ट या प्रसिद्ध व्यवस्थापक सॉफ्टवेअरात २०१८ च्या सुमारास जी तजवीज झाली, ती मला अत्यंत सुंदर वाटते: व्यवस्थापकाने सॉकेट स्वतःच आधी उघडावे आणि ते उघडलेले सॉकेट जन्मणाऱ्या यंत्राच्या, म्हणजे ते चालवणाऱ्या क्यूईएमयू या प्रोग्रॅमच्या, हाती सोपवावे. मग जोडणी लवकर झाली तरी ती नाकारली जात नाही. पलीकडची बाजू तयार होईपर्यंत ती रांगेत उभी राहते. येथे कालावधीचा अंदाज कोठेच नाही, आणि म्हणून संगणक मंद असो वा शीघ्र, परिणाम एकच.

याहून बिकट प्रसंग उरतो तो व्यवस्थापकच मध्येच बंद पडून पुन्हा उठतो तेव्हाचा. यंत्रे त्याच्याविना चालूच असतात. त्याला डिस्कवरील आपल्या नोंदी वाचून एकेका यंत्राशी नाते पुन्हा जोडावे लागते, आणि ते जुळण्याच्या आतच कोणी ‘हे यंत्र बंद कर’ असा हुकूम दिला, तर तो त्या यंत्राच्या कुलुपाबाहेर, म्हणजे एका वेळी एकच काम आत घेणाऱ्या पहाऱ्याबाहेर, थांबवून ठेवावा लागतो.