तीन सुरांची इमारत

गेल्या सेमिस्टरला आमच्या रूमवर एक वाद पेटला. विषय : ‘छाया’ (१९६१) या चित्रपटातलं तलत-लताचं प्रसिद्ध द्वंद्वगीत. संगीतकार सलील चौधरी. रूम पार्टनरचं म्हणणं, “चाल सरळ मोझार्टची ढापलीये!” शहानिशा करायला मूळ रचना ऐकायला बसलो आणि जर्नल तसंच राहिलं.

ही मोझार्टची ४० वी सिम्फनी, १७८८ सालची. त्यातली फक्त पहिली मूव्हमेंट घेऊ. ‘जी’ हा सा धरला तर व्हायोलिनवर सुरुवात अशी : कोमल ध-प-प, कोमल ध-प-प, पुन्हा तेच, आणि मग एकदम वरच्या कोमल गंधारावर उडी. दोन आखूड सूर, एक लांब. बस्स, एवढंच भांडवल!

आपल्या अंबरनाथचं शिवमंदिर (इ.स. १०६०) आठवा. भूमिज शैलीचं शिखर. त्यावर एकाच आकाराची छोटी छोटी शिखरं ओळीने रचलेली. एक घटक, अनेकदा. मोझार्टनेही हेच केलंय, फक्त दगडाऐवजी सूर वापरून. या बांधणीला ‘सोनाटा फॉर्म’ म्हणतात. तिचे मुख्य भाग तीन.

पहिला, मांडणी. इथे दोन धून भेटतात. पहिली ही अस्वस्थ, जी मायनरमधली, म्हणजे साधारण आपल्या आसावरी थाटाच्या सुरांची. मग क्षणभर सगळा वाद्यवृंद गप्प. त्यानंतर दुसरी धून, बी फ्लॅट मेजरमध्ये. तंतुवाद्यं आणि फुंकवाद्यं ती आपसांत वाटून घेतात. खोलीची खिडकी उघडावी तसं वाटतं.

दुसरा, विस्तार. पहिली धून घरापासून फार दूरच्या पट्टीत जाते. कधी व्हायोलिन, कधी खालची तंतुवाद्यं तिची ओढाताण करतात. तुटत तुटत शेवटी तीन सुरांचा तुकडाच हाती उरतो.

तिसरा, पुनरागमन. पहिली धून हळूच घरी परतते. मागोमाग दुसरीही येते, पण आता मेजरमध्ये नाही, जी मायनरमध्ये. वळणं ओळखीची, पण ती उघडी खिडकी कुठेच नाही.

हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी म्हटलं, फॉर्मचा नियमच आहे, शेवटी मूळ पट्टीत यायचं. त्याच शनिवारी बदलापूरला घरी गेलो. बाबांची कंपनी त्याच महिन्यात बंद पडली होती. तीच खुर्ची, तोच चहा, आईचं तेच “जेवलास का रे?” काहीच बदललं नव्हतं, फक्त पट्टी. रात्री हेडफोन लावून तो तिसरा भाग पुन्हा ऐकला. तेव्हा तो नियम वाटला नाही.

राहिला वाद. माझ्या मते सलीलदांनी घेतला तो मुखड्याचा घाट. गाण्यात मुखडा प्रत्येक अंतऱ्यानंतर तसाच परत येतो, त्याला घर बदलल्याचं दुःख सोसावं लागत नाही. ती रचना वेगळी, तिची मजाही वेगळी. पार्टनरला हे अजून पटलेलं नाही!

असो. ऐकणार असाल तर दुसरी धून पहिल्या खेपेलाच नीट लक्षात ठेवा. ती परत येईल तेव्हा ओळखता आली पाहिजे.