कृष्णकमळाच्या कुळातील एक फळ

कृष्णकमळाचे फूल आपणां सर्वांस परिचित आहे. त्याच्या बाहेरील असंख्य तंतूंस कौरव, पाच परागकोशांस पांडव आणि तीन कुक्षींस ब्रह्मा, विष्णू, महेश मानण्याची प्रथा आपल्याकडे रूढ आहे. ख्रिस्ती धर्मोपदेशकांना अशाच फुलात काट्यांचा मुकुट, पाच जखमा व तीन खिळे दिसले. ख्रिस्ताच्या क्लेशभोगाचा वाचक असा 'पॅशन' हा शब्द या वेलीच्या नावात आला तो त्यामुळेच.

याच कुळातील एक वेल खाद्य फळ देते. पोर्तुगीज भाषेत त्यास 'माराकुजा' म्हणतात. आपल्या बाजारात 'पॅशनफ्रूट' हे नाव आहे. ही वेल मूळची दक्षिण अमेरिकेतील. जांभळ्या फळाची जात निलगिरी, कोडगू अशा थंड डोंगराळ प्रदेशास मानवते. पिवळ्या फळाची जात गोमंतकासारख्या उष्ण किनारपट्टीस अधिक योग्य होय.

ताजे बी पेरल्यास साधारणतः दोन ते चार आठवड्यांत रुजते. रोपास भरपूर ऊन, निचऱ्याची जमीन व भक्कम मांडव हवा; मुळाशी पाणी साचल्यास मूळ कुजते. फुले नव्या फुटीवर येतात, म्हणून फळांचा हंगाम सरल्यावर छाटणी करावी.

पुष्कळदा असे होते की, पिवळ्या जातीची वेल फुलांनी भरून जाते, परंतु फळ एकही धरत नाही. लोक जमिनीस दोष देतात, शेणखत वाढवतात. खरे कारण निराळेच असते. या जातीत एका वेलीचे पराग त्याच वेलीच्या फुलांस चालत नाहीत. म्हणून निरनिराळ्या बियांपासून वाढवलेल्या दोन वेली तरी हव्यात. एकाच वेलीच्या फांद्या तोडून लावल्यास उपयोग नाही. शिवाय पराग जड व चिकट असल्याने वारा ते वाहून नेत नाही. लहान मधमाशीची पाठ परागकोशांपर्यंत सहसा पोहोचत नाही. हे काम लाकूड पोखरणारा थोराड काळा भुंगा करतो. काष्ठ कोरणारा, पण कमळात अडकणारा म्हणून काव्यात वर्णिलेला भ्रमर तो हाच!

हे फूल दुपारच्या सुमारास उमलते व रात्री मिटते. भुंगे नसतील तर दुपारी मऊ कुंचल्याने एका वेलीचे पराग दुसरीच्या कुक्षींस लावावेत. पाऊस पडत असता हे करू नये, कारण भिजलेले पराग फुटून निकामी होतात. वेल फुलावर असता कीटकनाशक फवारू नये. परसातील वाळका ओंडका वा बांबू राहू द्यावा, कारण भुंग्याचे घर तेथेच असते.

सुमारे दोन-अडीच महिन्यांत फळ पिकून आपोआप गळते. साल सुरकुतल्यावर त्याची गोडी वाढते. बियांसह गर तसाच खाता येतो, किंवा साखर व पाणी घालून गाळल्यास सुगंधी सरबत होते. कच्चे फळ मात्र खाऊ नये.

विद्यार्थिमित्रांनो, ज्याच्या परसात ही वेल असेल त्याने एखाद्या दुपारी मांडवाखाली उभे राहून पाहावे. भुंग्याची पाठ परागांनी पिवळी झालेली दिसली, की फळाची आशा धरण्यास हरकत नाही, असे आम्ही निःशंकपणे सांगतो.