पक्षिनिरीक्षण : पाहिलेले लिहिण्याचे शिक्षण

परिसर अभ्यासाच्या तासाला पक्ष्यांची माहिती बहुधा चित्रांवरून दिली जाते. मुले नावे पाठ करतात व उत्तरपत्रिकेत ती बिनचूक लिहितात. परंतु शाळेच्या कुंपणावर येऊन बसलेला तोच पक्षी त्यांस ओळखता येत नाही. वस्तुतः खेड्यातील शाळेस पक्ष्यांसाठी दूर जावे लागत नाही. आवारातील कडुनिंब, विहिरीकाठची बाभूळ, नांगरटीच्या वेळी शेतात उतरणारे गायबगळे आणि तारेवर बसणारा कोतवाल एवढी सामग्री वर्षभराच्या अभ्यासास पुरेशी आहे.

ऐकलेली गोष्ट व स्वतः पाहिलेली गोष्ट यांतील भेद मुलास कळू लागणे, हा पक्षिनिरीक्षणाचा मुख्य लाभ होय. कोकिळा गाते, असे आपण सर्वच म्हणतो. प्रत्यक्षात आंब्याच्या पानांआड बसून 'कुहू कुहू' करणारा काळाभोर पक्षी नर असतो. मादी तपकिरी रंगाची असून तिच्या अंगावर पांढरट ठिपके असतात. सुगरणीची गोष्टही अशीच आहे. नाव स्त्रीलिंगी असले तरी घरटे विणतो तो नर. पावसाळ्यात नराचा माथा पिवळाधमक होतो आणि मादी चिमणीसारखी मळकट दिसते. त्यामुळे विणणारा कोण, हे लहान मुलासही दुरून ओळखता येते. नर घरटे अर्धे विणतो, माद्या येऊन ते पारखतात. एखादीने ते पसंत केले की तो ते पूर्ण करतो आणि पुढे दुसरे घरटे विणावयास घेतो. पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सलीम अली यांनी 1930 साली तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील किहीम या गावी सुगरणींचे चिकाटीने निरीक्षण करून हा क्रम उलगडला.

निरीक्षणासाठी सूर्योदयानंतरचा पहिला तास उत्तम. एका वेळी आठ-दहा मुलेच न्यावीत, सूर्य पाठीशी ठेवावा आणि सावकाश चालावे. दुर्बीण नसली तरी अडत नाही. प्रत्येक मुलाच्या वहीत तारीख, वेळ, ठिकाण, आकार, रंग, चोच, शेपूट, आवाज व पक्षी काय करीत होता, असे रकाने असावेत. आकार सांगताना चिमणी, साळुंकी, कावळा व घार ही मापे वापरावीत. पक्ष्याचे गावात रूढ असलेले नाव आवर्जून लिहवून घ्यावे. नाव ठाऊक नसेल तर 'अनोळखी' असे लिहून वर्णन पूर्ण करण्यास सांगावे. अंदाजाने लिहिलेल्या नावापेक्षा ही नोंद अधिक मोलाची आहे. दोन मुलांच्या नोंदी जुळल्या नाहीत, तर शिक्षकांनी निर्णय न देता त्या दोघांस पुन्हा पाहावयास पाठवावे. सुगरणीची घरटी पुष्कळदा विहिरीवर लोंबतात. तेथे मुलांस काठापासून दूर उभे करण्याची दक्षता अवश्य घ्यावी.

गलोल बाळगणारा एखादा मुलगा बहुतेक वर्गांत असतो. तो कदाचित वाचनात मागे असेल. परंतु टिटवी उघड्या माळावर कोठे अंडी घालते आणि भारद्वाज कोणत्या झुडपात शिरतो, हे त्यास नेमके ठाऊक असते. त्याची गलोल हिसकावून घेतली तर दुसऱ्या दिवशी तो नवी करील. त्यापेक्षा फेरीचा वाटाड्या म्हणून त्यासच नेमावे. सलीम अली यांनी लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली होती. तिच्या गळ्यावरील पिवळा डाग पाहून ती कोणती, हे विचारण्यास ते मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले. तेथील चिटणीस मिलार्ड यांनी त्यांस संस्थेचा पक्षिसंग्रह उघडून दाखविला, आणि त्या मुलाच्या आयुष्यास दिशा मिळाली. आपल्या वर्गातील मुलाच्या जिज्ञासेसही असाच मान मिळाला पाहिजे. जे त्यास ठाऊक आहे ते लिहिण्याच्या ओढीने तो लेखनाकडेही वळू शकेल.

शाळेच्या संग्रहासाठी अंडी वा घरटी गोळा करू नयेत. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये बहुतेक वन्य पक्ष्यांस मारणे, पकडणे किंवा त्यांच्या अंड्यांस व घरट्यांस उपद्रव देणे हा गुन्हा आहे. घरट्याजवळ माणसांची वर्दळ झाल्यास पक्षी ते सोडूनही जातात. मुलांनी काढलेली चित्रे व नोंदवह्या हाच शाळेचा संग्रह समजावा.

5 नोव्हेंबर हा मारुती चितमपल्ली यांचा, तर 12 नोव्हेंबर हा सलीम अली यांचा जन्मदिवस. या दोन दिवसांमधील आठवडा महाराष्ट्रात 2020 पासून पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो. त्या आठवड्यात पालकांस शाळेत बोलावून मुलांकडून त्यांच्या नोंदी वाचून घ्याव्यात. "हे मी स्वतः पाहिले", असे गावासमोर सांगताना मुलावर जी जबाबदारी येते, ती त्यास खरे बोलण्याची व नीट पाहण्याची सवय लावील. याकरिता पैशांची तरतूद लागत नाही. आठवड्यातील एक सकाळ आणि शिक्षकांची स्वतःची उत्सुकता एवढे मात्र हवे.