घाटाची वसुली

सातारा शहराच्या पश्चिमेस समर्थ मंदिर ओलांडून कासकडे निघालेला रस्ता वस्ती मागे टाकून डोंगराच्या अंगावर चढू लागतो, तेथून यवतेश्वरचा घाट सुरू होतो. आणि वर्षातून एका रविवारी, पाऊस पुरता सरलेला नसतो व ऊनही पुरते स्थिरावलेले नसते अशा भाद्रपदाच्या आगेमागे, भल्या सकाळी हजारो माणसे हा घाट धावत चढतात, वर एका ठिकाणी वळसा घेतात आणि आल्या वाटेने धावत खाली येतात. वर कोणाला निरोप पोचवायचा नसतो, वरून काही आणायचेही नसते. या उपद्‌व्यापाचे अधिकृत नाव सातारा हिल हाफ मॅरेथॉन असे आहे. गावात मात्र त्यातला डोंगर आणि अर्धेपणा दोन्ही गाळून नुसते ‘मॅरेथॉन’ म्हणतात, आणि त्या दिवशी दूध आणायला निघालेल्या माणसालाही ‘आज मॅरेथॉन आहे, नाक्यावरून जाऊ नका’ एवढे सांगितले की पुरते.

काटेकोर मनुष्य येथे हरकत घेईल. मॅरेथॉन म्हणजे ४२.१९५ किलोमीटर, १९०८ साली लंडनच्या ऑलिंपिकात हे अंतर प्रथम धावले गेले आणि १९२१ साली ते कायमचे मुक्रर झाले. साताऱ्याची शर्यत बरोबर त्याच्या निम्मी, म्हणजे २१.०९७५ किलोमीटरांची. तेव्हा मॅरेथॉन हा शब्द येथे काही अंशी उसनवारीचा आहे, हे कबूल केले पाहिजे. या शर्यतीला शरदातली म्हणावे तर त्याविषयीही असाच तंटा उपस्थित करता येईल, कारण पंचांगाप्रमाणे शरद लागतो आश्विनात. परंतु त्या दिवसांत घाटाच्या दोन्ही अंगांना सोनकीचा पिवळा आणि तेरड्याचा गुलाबी रंग उमटलेला असतो, कासच्या पठारावर गेंदाचे पांढरे ठिपके आणि सीतेची आसवे यांचा हंगाम भरात असतो, आणि पंचांग काहीही म्हणो, डोंगराने आपला ऋतू बदललेला असतो. उरला प्रश्न निम्म्या अंतराचा. त्याचे उत्तर घाट आपल्या परीने देतो, ते पुढे येईल.

या शर्यतीचे स्वरूप समजण्यास साताऱ्याची घडण थोडी ध्यानी घ्यावी लागते, कारण हे गाव मुळी चढउतारावरच वसलेले आहे. दक्षिणेस अजिंक्यताऱ्याचा किल्ला, पश्चिमेस यवतेश्वराचा डोंगर, आणि त्यांच्या पायथ्याशी शाहू महाराजांच्या अमदानीत राजधानी म्हणून वाढलेल्या, आठवड्याच्या वारांची नावे धारण करणाऱ्या पेठा. अवघ्या सातशे मीटरांच्या आसपास उंचीवरचे हे जिल्ह्याचे ठिकाण; २०११ च्या शिरगणतीत नगरपालिकेच्या हद्दीत सव्वा लाखाच्या आत माणसे. येथील डोंगर उपऱ्याला सहजी वश होत नाहीत, असा इतिहासाचा दाखला आहे. १६९९ च्या डिसेंबरात औरंगजेब स्वतः फौजेनिशी येथे येऊन बसला, किल्ल्याला सुरुंग लावले, आणि त्यांतील एका सुरुंगाने उडालेला तट त्याच्याच माणसांवर उलटून कोसळला. चार महिने किल्लेदार प्रयागजी प्रभूंनी किल्ला झुंजवला. १७०० च्या एप्रिलात तो बादशहाच्या हाती आला व त्याचे नाव आझमतारा झाले खरे, पण ते नाव टिकले नाही. चढाई करणाराला डोंगर खर्चात पाडतो, एवढा धडा त्यातून आजच्या धावणाराने घेतला तरी पुष्कळ.

यवतेश्वराच्या डोंगराशी साताऱ्याचे नाते मात्र युद्धाचे नाही, पाण्याचे आहे. इंग्रजी अंमलात बांधलेल्या कासच्या तळ्याचे पाणी पंपाच्या बळावर नव्हे, तर केवळ उताराच्या आधाराने, डोंगराच्या कडेकडेने पंचवीस-एक किलोमीटरांवरून शहराच्या पश्चिम भागात येते. ज्या उताराने गावाला पिढ्यान्‌पिढ्या पाणी पोचवले, त्याच उताराला वर्षातून एकदा गाव उलट दिशेने तोंड देते, ही गोष्ट मला या शर्यतीत सर्वांत अर्थपूर्ण वाटते. धावणाऱ्यांपैकी फारच थोड्यांच्या ती ध्यानात येत असावी, कारण त्या वेळी त्यांचे ध्यान आपल्या श्वासाकडे असते.

धावणे हीदेखील या मुलखाला परकी विद्या नव्हे. मराठेशाहीत दौलतीचा पत्रव्यवहार जासूद आणि काशीद यांच्या पायांवर चालत असे. महत्त्वाचा कागद असला तर जासुदांची जोडी रवाना होई, आणि ठरल्या मुदतीत मजल मारणारास इनाम मिळे. तेव्हा धावणे ही चाकरी होती व तिचा मुशाहिरा मिळत असे. आज धावणारा स्वतःच प्रवेशशुल्क भरतो, छातीवर क्रमांक टाचून घेतो आणि पत्र न घेता धावतो. जुन्या दप्तरातील एखादा कारकून हे पाहता तर त्याने जमाखर्च उलटा लिहिला गेला आहे असा शेरा मारला असता.

१९२० साली अँटवर्पच्या ऑलिंपिकात हिंदुस्थानचे जे मोजके खेळाडू सर दोराबजी टाटा यांच्या खटपटीने गेले, त्यांत मॅरेथॉन धावणारे दोघे होते : बेळगावचे फडेप्पा चौगुले आणि साताऱ्याचे सदाशिव दातार. चौगुले एकोणिसावे आले. दातारांना ती शर्यत पुरी करता आली नाही. साताऱ्याच्या मॅरेथॉनचा आरंभ असा एका अपुऱ्या राहिलेल्या दौडीने झाला आहे, आणि मला तो कमीपणाचा वाटत नाही. साताऱ्याहून निघून युरोपातल्या रस्त्यावर बेचाळीस किलोमीटरांच्या रांगेत उभे राहणे हेच त्या काळी मोठे साहस होते. पुढे याच जिल्ह्यातील गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत कुस्तीचे कांस्यपदक मिळवले, आणि माण तालुक्यातल्या मोही या गावच्या ललिता बाबर हिने २०१६ साली रिओत तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धडक मारून दहावा क्रमांक घेतला. माण हा दुष्काळी तालुका, कास हे पावसाचे माहेरघर. एकाच जिल्ह्याची ही दोन टोके, आणि धावणारे दोहोंकडे.

प्रस्तुत शर्यत २०१२ साली सातारा रनर्स फाउंडेशन या स्थानिक संस्थेने सुरू केली. आरंभी ती हौशी मंडळींची गोष्ट होती. पण तीन वर्षांतच, २०१५ साली, एका डोंगरावर एकाच वेळी सर्वाधिक माणसे धावल्याचा गिनीज विक्रम २,६१८ धावपटूंच्या नावे नोंदला गेला आणि मुंबई-पुण्याच्या धावणाऱ्या मंडळींत साताऱ्याचे नाव दुमदुमू लागले. विक्रमाचा गावाला अभिमान आहे, तो असावा; तथापि मला स्वतःला त्याचे फारसे अप्रूप नाही. एका डोंगरावर किती माणसे चढली याची मोजदाद ही जत्रेची मोजदाद झाली. या शर्यतीची थोरवी गर्दीत नाही, ती त्या डोंगरात आहे.

तेव्हा डोंगराकडेच वळू. शर्यत शहरात सुरू होते व पहिले काही किलोमीटर पेठांमधून जाते. येथे चढ असतो, पण तो मवाळ असतो, आणि ढोल-ताशांच्या गजरात, ओट्या-पायऱ्यांवर उभ्या असलेल्या बायामाणसांच्या टाळ्यांत, हात पुढे करून धावणाऱ्याच्या तळव्याला तळवा लावू पाहणाऱ्या पोरांच्या गलक्यात तो कळतही नाही. हीच पहिली फसगत. गावातून छाती काढून निघालेला गडी समर्थ मंदिर मागे पडून ढोल ऐकू येईनासे झाले, घाटाचे पहिले वळण लागले आणि आपल्याच बुटांचा आवाज ऐकू येऊ लागला की एकाएकी गंभीर होतो. बोलणारे गप्प होतात. पावले आखूड पडतात. पोटऱ्या तक्रार करू लागतात, कारण चढावर देहाचा भार पंजावर येतो आणि प्रत्येक पावलागणिक तो वर उचलावा लागतो; शिवाय हवेत दमटपणा इतका की घाम निथळतो पण सुकत नाही, आणि न सुकलेला घाम अंग निववीत नाही. जाणते धावपटू या चढावर घड्याळाकडे पाहत नाहीत. श्वासाकडे पाहतात, आणि गरज पडल्यास बेशक चालतात. सपाटीवरच्या शर्यतीत चालणे म्हणजे जणू नादारी जाहीर करणे; घाटात चालणे हा हिशेबी माणसाचा व्यवहार आहे.

घाट चढून गेल्यावर जे दिसते त्यासाठी मात्र एवढी दगदग सोसावी. मागे वळून पाहावे तो अजिंक्यतारा, जो गावातून मान वर करून पाहावा लागतो, तो समोरासमोर येऊन उभा असतो, आणि त्याच्या पायाशी साऱ्या पेठा ओंजळीत धरल्यासारख्या. पुढे रस्ता डोंगराच्या माथ्यावरून जातो. धुके नसेल तर उत्तरेस वेण्णेवरील कण्हेरचा जलाशय आणि दक्षिणेस उरमोडीचे पाणी, आणि त्यापलीकडे सज्जनगड, असा दुहेरी देखावा मिळतो. धुके असले तर पुढच्या माणसाची पाठ तेवढी दिसते. दोन्ही प्रकार मी पाहिले आहेत. धावण्याच्या दृष्टीने दुसराच बरा.

मग वळसा येतो आणि उतरण लागते. सर्व नवशिके येथे एकच चूक करतात, ती मीही एकदा केली. चढताना ज्याने घेतले तोच आता परत देणार, अशा समजुतीने पाय मोकळे सोडून मी घाट उतरू लागलो. चढावर ज्यांनी मला मागे टाकले होते त्यांतले कित्येक मी हसतहसत ओलांडले, आणि जन्मात प्रथमच आपण धावपटू आहोत असे मला वाटले. हे वाटणे घाटाच्या शेवटच्या वळणापर्यंत टिकले. उतारावर मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच आकसून देहाला आवरून धरत असतात. प्रत्येक पाऊल हा एक लहानसा लगाम असतो, आणि तो ओढताना स्नायूंच्या तंतूंना बारीक बारीक इजा होते. श्वासाला त्याचा पत्ता नसतो, म्हणून मनालाही नसतो. पायथ्याशी येऊन रस्ता सपाट झाला आणि माझ्या मांड्यांनी हुकूम मानण्याचे साफ नाकारले. शेवटचे अंतर मी कसे तोडले ते सांगण्यासारखे नाही. एक सत्तरीचे गृहस्थ तेथे मला ओलांडून गेले, आणि जाताना ‘सावकाश या, साहेब’ एवढेच म्हणाले.

चढाची वसुली घाट जागच्या जागी करतो, उताराची दोन दिवसांनी. सोमवारी दुखते, मंगळवारी त्याहून अधिक दुखते, आणि जिना उतरायचा तर कठडा धरून, उलट तोंडाने, एकेक पायरी. एवढे करून हाती काय लागते, तर एक वेळ, जी दुसरीकडे कोठेही चालत नाही. मुंबईच्या सपाट रस्त्यावर जो दोन तासांत अर्धमॅरेथॉन पुरी करतो त्याला साताऱ्यात कितीतरी मिनिटे जास्त लागतात. सातारचा आकडा सपाटीच्या आकड्याशी ताडून पाहता येत नाही, आणि म्हणूनच, माझ्या मते, येथे माणूस आकड्याच्या जाचातून एक दिवस सुटतो. निम्म्या अंतराला मॅरेथॉन म्हणण्याचा हक्क या गावाने, निदान मंगळवारच्या जिन्यावर तरी, कमावला आहे.

एक तक्रार केल्यावाचून राहवत नाही. पाणी देणाऱ्या ठिकाणांपुढे दोन्ही बाजूंना पेल्यांचा जो सडा पडतो, तो धावणारांना शोभत नाही. हा रस्ता ज्या कासच्या पठाराकडे जातो ते २०१२ साली, म्हणजे शर्यतीच्या जन्मवर्षीच, पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशात दाखल झाले. जांभ्याच्या खडकावरील बोटभर मातीत तेथील फुले उगवतात, आणि त्या मातीला माणसाचा पाय देखील जड होतो. रिकामा पेला चार पावले हातात धरून पिंपात टाकण्याने कोणाचीही वेळ बुडत नाही.

ज्यांना यायचे असेल त्यांनी नोंदणी वेळेवर करावी, आणि त्याआधी दोन महिने जवळचा एखादा घाट निवडून तेथे सराव करावा, तो चढण्याचा तर करावाच, पण आवर्जून उतरण्याचा करावा. घरी परतण्याची गाडी रविवारची न धरता मंगळवारची धरली तर उत्तम; मधल्या दिवसांत कंदी पेढे घेता येतील. शर्यत संपली की दुपारच्या आत बंदोबस्त उठतो, घाटाचा रस्ता वाहनांना मोकळा होतो, आणि फुले पाहायला निघालेल्या मोटारींची रांग यवतेश्वराच्या पहिल्या वळणाला लागते.