जत्रेतलं जहाज

नाशिकहून समुद्र गाठायचा तर घाट उतरून चांगला तीन-चार तासांचा रस्ता. तरी नवरात्र आलं, की जहाज आपणहून शहरात येतं. ट्रकवर लादून, तुकड्यातुकड्यांनी: आधी लोखंडी तंगड्या, मग वरचा आडवा दांडा, शेवटी नाव. जुन्या आग्रा रोडवर कालिकामातेची यात्रा भरते, तेव्हा आकाशपाळण्याच्या आसपास ते उभं राहतं. पोरं त्याला कोलंबस म्हणतात. नाळेवर मात्र कवटी रंगवलेली असते आणि खाली हाडांची फुली. दर्यावर्दी एक, झेंडा दुसऱ्याचाच.

ही कवटी शहरात आणखी एका ठिकाणी भेटते. शाळांची गॅदरिंग जवळ आली, की भाड्याने ड्रेस देणाऱ्या दुकानांत मावळा, झाशीची राणी आणि वासुदेव यांच्या रांगेतच समुद्री चाचाही टांगलेला दिसतो. काळा कोट, लाल कमरपट्टा, तीन कोपऱ्यांची टोपी, डोळ्यावरची पट्टी. संवाद पाठ करायला नकोत, डोळ्यावर पट्टी चढली की भूमिका तयार. लाजरं पोरसुद्धा ती लावून स्टेजवर गुरगुरतं. वर्षभर 'नीट बस, हळू बोल' ऐकणाऱ्या मुलाला तीन मिनिटं दांडगाई करायची मुभा मिळते, या वेषाची खरी ओढ तीच.

हा पोशाख दर्यावर कमी आणि कागदावर जास्त घडला. स्टीव्हनसनची 'ट्रेझर आयलंड' 1883 मध्ये पुस्तकरूपात आली, अमेरिकी चित्रकार हॉवर्ड पाइल यांनी चाच्यांना डोक्याचे रुमाल आणि रंगीत कमरपट्टे चढवले. 1967 मध्ये कॅलिफोर्नियाच्या डिस्नेलँडमध्ये 'पायरेट्स ऑफ द कॅरिबियन' ही सफर सुरू झाली. 2003 मध्ये तिच्यावरूनच सिनेमा निघाला. खोपोलीजवळच्या इमॅजिकामध्येही चाच्यांच्या जहाजांतून एकमेकांवर पाण्याचा मारा करायची राइड आहे.

त्या सिनेमालिकेच्या 2007 मधल्या भागात हिंदी महासागराचा चाचा म्हणून एक पात्र येतं: श्री सुंभाजी आंग्रिया. नाव ऐकून मराठी माणसाने चमकावं, कारण कान्होजी आंग्र्यांचे पुत्र संभाजी 1733 नंतर मराठी आरमाराचे सरखेल होते. कान्होजींचं दस्तक न घेता जाणारी जहाजं त्यांचं आरमार पकडत असे, म्हणून इंग्रजांनी त्यांना चाचा ठरवलं. 1721 मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून आंग्र्यांच्या कुलाबा किल्ल्यावर चालून आले आणि हात हलवत परतले. आज मुंबईतला नौदलाचा तळ 'आयएनएस आंग्रे' या नावाने ओळखला जातो. पडद्यावर मात्र त्याच घराण्याचं नाव किनऱ्या आवाजाच्या विनोदी पात्राला मिळालं. हे सलतं. ड्रेसच्या त्या रांगेत मावळ्याच्या शेजारी एक सरखेलही टांगलेला असायला हवा.

जत्रेतल्या त्या जहाजाला हलवणारी वस्तू मात्र अगदी साधी आहे: टायर. असा झुला अमेरिकेतल्या चार्ल्स मार्शल यांनी 1890च्या दशकात बनवला, 'ओशन वेव्ह' नावाने. आज नावेच्या पोटाखाली मोटरवर फिरणारं रबरी चाक असतं. जत्रेतल्या जहाजाचा ऑपरेटर दांडा दाबतो, चाक वर येऊन तळाला घासतं आणि नाव थोडी ढकलली जाते. परत आली, की पुन्हा ढकल. पोराला झोपाळ्यावर झोका द्यावा तसंच. वेळ चुकली तर चाक उलट दिशेने घासतं, रबर चरचरतं आणि झोका मरतो. म्हणून मुरलेला ऑपरेटर नावेकडे फारसा बघत नाही. त्याचा कान टायरकडे असतो. मधल्या बाकांवर आजीबाई हसत बसतात. टोकाच्या बाकांवर पोटात गोळा येतो, कारण तिथे झोका सर्वांत मोठा आणि वरच्या क्षणी अंग बाकावरून सुटल्यासारखं होतं.

थांबवायलाही हाच टायर. काळजी इथून सुरू होते.

नवरात्रात नाशिकला परतीचा पाऊस हमखास गाठतो. ओल्या रबराची पकड सुटते, नाव वेग घेत नाही आणि घेतला तर लवकर सोडत नाही. त्यातच हे यंत्र कायम कुठे रोवलेलं नसतं. प्रत्येक गावात नट-बोल्ट खोलायचे, पुढच्या गावात आवळायचे. जमीन भिजली, की तंगड्यांखालचे लाकडी ठोकळे बसतात आणि सांगाडा तिरका होतो. वेल्डिंगची चीर रंगाखाली दडून राहते. लंबकासारखं झुलणारं यंत्र धातूला प्रत्येक झोक्यात एकदा इकडून, एकदा तिकडून पिळतं, त्यामुळे चीर थांबत नाही, वाढते. अहमदाबादच्या कांकरिया तलावाजवळ 14 जुलै 2019 रोजी अशाच लंबकाच्या जातीचा 'डिस्कव्हरी' झुला तुटून 2 जणांचा जीव गेला. ती कुठली फिरती जत्रा नव्हती, कायमस्वरूपी उद्यान होतं. जत्रेत तपासणीचा कागद एकदा लागतो, पण बोल्ट रोज सैल होतात. ते रोज पाहायचं काम पगारी, रात्री उशिरापर्यंत उभ्या असलेल्या माणसावर येतं. बाकावरची आडवी सळई प्रत्येकाच्या मांडीवर बसली का, हेही त्यानेच पाहायचं, आणि तेही बाहेरची रांग 'चला, चला' करत असताना.

पावसाची सर थांबली, की ऑपरेटर गोणपाट घेऊन नावेखाली वाकतो. टायर पुसतो, अंगठा दाबून पाहतो, पुन्हा पुसतो. मग कुणालाही न बसवता एक फेरी मारतो. रिकामी नाव कवटीसकट वर जाते, खाली येते. रांगेतलं एक पोर कपाळावर सरकवलेली काळी पट्टी पुन्हा डोळ्यावर ओढतं आणि टोकाचा बाक कुठला, ते बोटाने आईला दाखवतं.