गंजलेली ब्रेकची नळी

आमच्या ढाणकीच्या घरीं एक जुनी जीप आहे. गेल्या पावसाळ्यानंतर ती अंगणांत उभी असतां चिरंजिवांनीं ब्रेकचें पेडल दाबलें, तों तें थेट तळाला गेलें. खालीं वांकून पाहतों तों मागील आंसाजवळ नळी गंजून फुटलेली! हेंच उमरखेडच्या रस्त्यावर घडतें तर?

द्रवावर दिलेला दाब सर्वत्र सारखा पोंचतो, हा पास्कलचा नियम मीं पुष्कळ वर्षें मुलांना शिकविला. पायाचा जोर चाकांपर्यंत पोंचतो तो याच नियमानें. ब्रेक जोरानें दाबल्यास नळींत चौरस इंचामागें १००० पौंडांपर्यंत दाब चढूं शकतो. जुन्या जीपांत चारी चाकांस एकच तेलाचा मार्ग असतो. म्हणून एक नळी फुटली कीं चारी ब्रेक निकामी होतात.

गंज दोहों बाजूंनीं चढतो. बाहेरून काळ्या मातीचा चिखल ओल धरून बसतो, गोण्यांतून सांडलेलें खत त्यांत भर घालतें. आंतून ब्रेकचें तेलच हवेंतील पाणी शोषून घेतें. म्हणून तें दर दोन वर्षांनीं बदलावें.

गंजलेला तुकडा कापून तेथें रबरी नळी आवळावी, असा सल्ला एका हितचिंतकानें दिला. तो आम्हीं मानला नाहीं. तसला सांधा इतका दाब सोसत नाहीं. शिवाय एके ठिकाणीं फुटलेली नळी बहुधा दुसरीकडेही सडत आलेली असते. सबंध नळीच बदलावी.

गाडी सपाट जागीं, चाकांना गुटके लावून, मजबूत घोड्यांवर टेकवावी. केवळ जॅकच्या भरंवशावर खालीं शिरूं नये. नटांवर आदल्या रात्रीं गंज सोडविणारें तेल घालावें. जुन्या नळीची लांबी सुतळीनें मापून त्याच जाडीची तांबें-निकेलच्या मिश्रधातूची नळी घ्यावी. साधी तांब्याची नको. नट आधीं ओंवून मगच नळीचें तोंड दुहेरी वळवावें. शेवटीं, सर्वांत दूरच्या चाकापासून आरंभ करून, आंतील हवा काढावी. एकानें पेडल दाबून धरावें, दुसऱ्यानें चाकामागील हवेचा स्क्रू सैल करावा, आणि पाय उचलण्यापूर्वीं तो पुन्हा आवळावा. बुडबुडे थांबेपर्यंत हें चालवावें. टांकींतील तेल संपूं देऊं नये.

मिनिटभर जोरानें दाबूनही पेडल खचलें नाहीं आणि सर्व सांधे कोरडे राहिले, तरच गाडी अंगणांत सावकाश चालवून पाहावी.

नळीचें तोंड वळविणें आम्हांस साधेना. तेवढें काम कारागिराकडून करवून घेतलें. यांत कमीपणा कसला? गाडींत आपलींच मुलेंबाळें बसावयाचीं असतात. आपणही पावसाळा सरला कीं एकदां गाडीखालीं वांकून नळ्या पाहाव्यात, एवढीच विनंती.