रविवारी दुपारी घरात कोणता पिक्चर लावायचा?



सिनेमावर लिहिणारे पंडित पुष्कळ आहेत. आम्ही त्यातले नव्हे. आमचे घर साताऱ्याचे, निम्मे गोत सांगली-मिरजेकडे. घरात हप्त्यावर घेतलेला एक टीव्ही आणि रविवारी दुपारी जेवणे उरकली की त्याच्यासमोर बसणारी सात माणसे: आई, थोरले दादा, वहिनी, पोलीस भरतीची तयारी करणारा पुतण्या, नववीतली पुतणी आणि आम्ही दोघे. सात जणांनी थिएटरात जायचे म्हणजे तिकिटे, रिक्षा आणि मधल्या सुट्टीतला वडा मिळून दोन दिवसांची हजेरी जाते. म्हणून आमचे थिएटर म्हणजे आमचा सोपा. तिथे गेल्या काही वर्षांत जे पाहिले त्याबद्दल आमची मते आम्ही इथे मांडत आहोत. पटली तर घ्या.

आमच्या लहानपणी १४ एप्रिलच्या आठवड्यात वस्तीत वर्गणी काढून रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर भाड्याने आणत. विहाराच्या भिंतीला टेबल लागे, बायका पुढे पोती अंथरून बसत, पोरे झोपेला आली तरी हलत नसत. रात्रभरात तीन पिक्चर. पहिला मान बाबासाहेबांवरच्या पिक्चरचा. 'भीम गर्जना' १९९० साली आला, त्याची कॅसेट पुढे इतकी घासली की अर्ध्या प्रसंगांत नुसत्या रेघा दिसत, तरी लोक हात जोडून बघत. दुसरा पिक्चर मारामारीचा, आणि तिसरा पाहायला फक्त व्हीसीआरवाला जागा असे, त्याला मशीन परत न्यायचे म्हणून. आपल्या माणसाची गोष्ट पडद्यावर दिसते हेच तेव्हा अप्रूप होते. ती चांगली सांगितली की वाईट, हे कोण विचारतो?

आता विचारावे लागते. गेल्या दहा-बारा वर्षांत आपल्या जगण्यावरचे एवढे पिक्चर आले की निवड करणे भाग आहे. आणि आमच्या घरात भांडण होते ते तिथेच. दादांचे म्हणणे, "आठवडाभर जे सोसतो तेच रविवारी परत कशाला बघायचं?" वहिनींचे म्हणणे, बघावे, पण पोरांसमोर नको. आमची कसोटी साधी आहे. पिक्चरमधला आपला माणूस स्वतः काही करतो का, की नुसता मार खातो आणि दुसरा कोणी येऊन त्याला सोडवतो?

या कसोटीवर 'जय भीम' (२०२१) निम्मा उतरतो. मूळ तामिळ, पण हिंदीत पाहता येतो. १९९३ साली तामिळनाडूत पोलीस कोठडीत झालेल्या मृत्यूचा खटला के. चंद्रू या वकिलांनी लढवला, ते पुढे मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. गोष्ट त्यावरून घेतली आहे. कोठडीतली मारहाण इतकी आहे की लहान पोरांना तेवढा वेळ बाहेर खेळायला पाठवावे हे बरे. सगळे वकीलच करतो, ही आमची तक्रार. पण सेंगनी ही बाई पोलिसांच्या जीपमध्ये बसायला नकार देते, पोटुशी असून रस्त्याने चालत निघते, आणि मागून जीप तिची मनधरणी करत हळूहळू येते, त्या प्रसंगाला आमच्या सोप्यावर टाळ्या पडल्या. शेवटी तिची छोटी मुलगी वकिलासमोर खुर्चीत पायावर पाय टाकून पेपर वाचते. ते बघून आमची आईही खुर्चीत तशीच बसली, गुडघा दुखेपर्यंत.

'फँड्री' (२०१४) पुतणीने दोनदा पाहिला. डुक्कर काठीला लटकवून नेताना मागच्या शाळेच्या भिंतीवर बाबासाहेबांचे, सावित्रीबाईंचे चित्र दिसते, ते तिने आम्हाला दाखवले; आमच्या नजरेतून निसटले होते. 'सैराट'बद्दल नव्याने काय सांगावे? तो टीव्हीवर लागला की शेवटची दहा मिनिटे यायच्या आत वहिनी बटण बंद करतात. 'कोर्ट' (प्रदर्शित २०१५) सगळ्या घराने मिळून बघायचा पिक्चर नव्हे. संथ आहे, दादा घोरायला लागले. पण रात्री एकट्याने जरूर बघा. त्यातल्या लोकशाहिराचे काम नागपूरच्या वीरा साथीदारांनी केले आहे, जे खऱ्या आयुष्यातही चळवळीतले होते आणि २०२१ साली कोरोनात गेले. 'धडक २' (२०२५) पाहिलात तर तो ज्याच्यावरून घेतला तो मारी सेल्वराजचा 'परियेरुम पेरुमाळ' (२०१८) शोधून बघा. त्याच्या शेवटी चहाचे दोन पेले शेजारी शेजारी ठेवलेले दिसतात. तेवढ्या एका चित्रात जे आहे ते हिंदीवाल्यांना अडीच तासांत जमले नाही, असे आमचे मत.

कुपवाडच्या कारखान्यांत काम करणाऱ्या भगिनींसाठी एक छोटी गोष्ट आहे. 'अजीब दास्तान्स' (२०२१) या चार गोष्टींच्या पिक्चरमधली तिसरी. तिचे नाव मराठी घरात मोठ्याने घेण्यासारखे नाही, म्हणून नंबर सांगितला. भारती मंडल ही कारखान्यात मशीनवर काम करणारी बाई, शिकलेली, पण ऑफिसातली खुर्ची तिला मिळत नाही, शर्मा आडनावाच्या नव्या मुलीला मिळते. पुढे भारतीची जात कळल्यावर त्या मैत्रिणीच्या घरी तिला चहा स्टीलच्या पेल्यात येतो, बाकीच्यांना कपात. कोंकणा सेन शर्माचा त्या वेळचा चेहरा बघा. भारती पुढे जे करते ते योग्य की अयोग्य, यावर आमच्याकडे दोन दिवस वाद चालला. पण गोष्ट जाणत्यांसाठी आहे, आजी आणि पोरांना बसवून बघायची नाही.

सावित्रीबाईंचे नायगाव आमच्याच जिल्ह्यातले, खंडाळा तालुक्यातले, आणि जोतीरावांचे मूळ गाव कटगुण खटाव तालुक्यातले. तेव्हा 'सत्यशोधक' (२०२४) आणि 'फुले' (२०२५) हे दोन्ही पिक्चर सातारकरांना घरचेच. 'फुले' ११ एप्रिलला, जोतीरावांच्या जयंतीला यायचा होता. काही ब्राह्मण संघटनांनी आक्षेप घेतले, सेन्सॉरने जातींची नावे आणि काही वाक्ये बदलायला लावली, आणि तो २५ एप्रिलला आला. आता जातींची नावे काढून जोतीरावांची गोष्ट कशी सांगायची, हे सांगणाऱ्यांनीच सांगावे! पिक्चर म्हणून दोन्ही जरा शाळेच्या स्नेहसंमेलनासारखे शिस्तीत उभे राहून बोलतात. तरी नववी-दहावीच्या मुलीला दाखवा. सावित्रीबाईंच्या अंगावर शेण पडते आणि त्या थांबत नाहीत, तेवढे पाहिले तरी पुरे.

सगळ्या घराने मिळून बघायचा झाला तर आमची पहिली पसंती 'झुंड'ला (२०२२). नागपूरच्या झोपडपट्टीतली पोरे, फुटबॉल, आणि वस्ती व कॉलेजचे मैदान यांच्यामधली भिंत. तीन तासांचा आहे, म्हणून मध्ये चहा ठेवा. जयंतीच्या मिरवणुकीत अमिताभ बच्चन बाबासाहेबांच्या फोटोसमोर हात जोडून उभे राहतात. "खरंच त्योच हाय का रं त्यो?" असे आईने तीनदा विचारले आणि मग स्वतःही हात जोडले.

आता ज्यासाठी हे सगळे लिहायला बसलो तो पिक्चर. 'होमबाउंड'. नीरज घायवान यांचा, २०२५ सालचा. दोन दोस्त, एक मुसलमान, एक आपल्यातला. दोघांना पोलीस शिपाई व्हायचे आहे, कारण वर्दी घातली की कोणी जात-धर्म विचारणार नाही असे त्यांना वाटते. आमच्या पुतण्याने तो लावला, भरतीची गोष्ट आहे म्हणून. पहाटे पाचला उठून रस्त्यावर सोळाशे मीटर पळणारी पोरे सातारा-सांगलीत गावोगाव दिसतात, त्यातलाच तो.

पिक्चरमध्ये चंदनची आई शाळेत मुलांचे जेवण करण्याच्या कामाला लागते. तिच्या हातचे आमच्या पोरांनी खायचे नाही, म्हणून गावातली वरची माणसे अडून बसतात. आमच्या वहिनी चौदा वर्षे एका शाळेत पोषण आहार शिजवतात. त्या भाजी निवडत बघत होत्या. हात थांबला. म्हणाल्या, "पहिल्या वर्षी चार-पाच जणी पोरांना घरनं डबा द्यायच्या. बोलायचं कुणी न्हाई. डबा द्यायच्या." चौदा वर्षांत हे आम्ही प्रथमच ऐकले. दादांनीही.

पुढे त्याहून जड झाले. चंदन अर्जात आपली जात लपवतो, सर्वसाधारण गटातून अर्ज भरतो. विचारले तरी खरे सांगत नाही. तो प्रसंग चालू असताना पुतण्या उठून पाणी प्यायला गेला आणि बराच वेळ आला नाही. पिक्चर संपल्यावर पुतणीनेच फोडले, "दादानंबी तसाच भरलाय फॉर्म. ओपनमधनं."

सोप्यावर कोणी बोलेना. मग तो म्हणाला, सरावाच्या ठिकाणी पोरे म्हणतात, ह्याला काय, कमी मार्कांत लागेल. वर्षभर ऐकले. म्हणून म्हटले, खुल्यातूनच लागून दाखवतो. शंभर रुपये फी जास्तीची भरली होती, ती त्याने आजीकडून घेतली होती. वह्यांसाठी म्हणून.

दादा एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये आयुष्य काढलेले, संघटनेत वावरलेले. आम्हाला वाटले आता आवाज चढणार. पण ते हळू आवाजात म्हणाले, "सवलत कुठली घेतली नाहीस आणि मार्क पुरेसे पडले, तर राखीव अर्जावरही खुल्याच जागेवर धरतात. तुझं काही कमी होत नाही. हे तुला कुणी सांगितलं नाही?" नव्हते सांगितले. चूक आमचीच. घरात बाबासाहेबांचा फोटो आहे, पुस्तके आहेत, आणि पोराला एवढी साधी गोष्ट ठाऊक नाही.

मग पुतणीचा प्रश्न आला, आपण बौद्ध, तर दाखल्यावर जुनी जात का? तिला सांगितले की धर्मांतरानंतर कित्येक वर्षे केंद्राच्या सवलती बौद्धांना नव्हत्या, १९९० साली कायदा बदलला तेव्हा मिळाल्या, आणि त्यासाठी लोकांना खूप झगडावे लागले. तिला ते अर्धेच पटले. वहिनींनी ट्रंकेतून दाखल्यांची प्लॅस्टिकची पिशवी आणून पुतण्याच्या पुढ्यात ठेवली. त्याने ती उघडली नाही, पण बाजूलाही सारली नाही. पुढच्या भरतीचा अर्ज कसा भरायचा ते त्याचे त्याने ठरवायचे, असे दादा म्हणाले. वहिनींना हे मान्य नाही. वाद अजून चालू आहे.

'होमबाउंड'चा शेवट आम्ही सांगत नाही. २०२० साली टाळेबंदीत ज्यांच्या घरचे कोणी सुरतेहून, मुंबईहून, पुण्याहून पायी निघाले होते त्यांना तो सांगायची गरज नाही. ज्या घरात भरतीची, स्पर्धा परीक्षेची पोरे आहेत तिथे हा पिक्चर आईबापांनी पोरांसोबत बसून बघावा. रात्री उशिरा लावू नका, नंतर बोलायला वेळ ठेवा. आणि शेवटची वीस मिनिटे म्हाताऱ्या माणसांना जपून दाखवा. आमची आई त्या दिवशी जेवली नाही.

या रविवारी काय लावायचे, असे विचारले तर ती म्हणते, "त्यो बच्चनचा लावा, हात जोडल्याला."